दोन्ही टोकांना चावलेली काठी

मामाला ऐकू येत नाही हे संग्रहालयात सगळ्यांना ठाऊक होतं. ते गुपित आहे असं फक्त मामाला वाटत होतं. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की मान डोलवायची आणि काहीतरी गोड बोलायचं, हे त्याचं धोरण. शिपायाने एकदा खात्री करायची म्हणून, "मामा, इमारतीला आग लागलीय!" असं ओरडून पाहिलं. मामा म्हणाला, "चालेल, पण साखर कमी."

मामा संग्रहालयाची घड्याळं दुरुस्त करायचा. शेजारच्या टेबलावर त्याची भाची लाकडाच्या वस्तू सांधायची. तिला मामानेच वाढवलं होतं. म्हणजे करवतीपासून लांब बसवलं होतं, आणि ती रोज थोडी जवळ सरकत गेली होती. त्याचे कान गेले तेही असेच, हळूहळू. कानात सारखा पू व्हायचा. आधी माणसांचे आवाज बुडाले, मग भांड्यांचे. शेवटी घड्याळंही बुडाली, आणि हे मात्र त्याने कोणालाच सांगितलं नाही.

पण मोठ्या दालनातल्या उभ्या घड्याळाने चहाडी केली. ते कपाटाएवढं धूड मामाने सकाळी चालू करायचं आणि त्याने दुपारी बंद पडायचं, असा दोघांत करारच झाल्यासारखा होता. लंबकाच्या घड्याळात टिक आणि टॉक यांच्यामध्ये सारखं अंतर लागतं. ते नसलं की घड्याळ लंगडतं, आणि लंगडत लंगडत थांबतं. हे अंतर डोळ्यांनी दिसत नाही, कानांनीच पारखावं लागतं.

"शनिवारी मोठं दालन नव्याने उघडतंय," संचालिका मॅडम भाचीला म्हणाल्या. "तोवर घड्याळ चाललं तर ठीक. नाहीतर मामांना आता आराम करू दे."

आराम हा शब्द त्या इमारतीत एरवी पेंढा भरलेल्या प्राण्यांसाठी वापरत.

भाचीने मामाला उपाय सुचवला, म्हणजे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवला: मी ऐकते, बोटांनी खुणा करते, तू घड्याळ लाव.

"उसन्या कानांनी?" मामा कडाडला. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार, या हिशोबाने तो साधं बोलला तरी कडाडायचा. "तू सुतार आहेस, शहाणे. तुला खुर्ची लंगडलेली कळते. घड्याळ लंगडलेलं कळायला जन्म जातो. माझा गेलाय!"

तिने कागद चुरगळून टाकला आणि आपल्या कामाला लागली. त्याच दालनासाठी तिला एक काठी स्वच्छ करून द्यायची होती. हातभर लांबीची, बोटाएवढी जाड, टोकांशी पसरट, आत मखमल लावलेल्या पेटीत ठेवलेली. सोबत चिठ्ठी: 'काठी. उपयोग अज्ञात. दोन्ही टोके उंदरांनी कुरतडलेली होती, लुकण भरून नीट केली.' खाली मामाची सही, लाकूडकामही तोच करायचा त्या तरुणपणातली, ऐटबाज.

ते जुनं लुकण आता भेगाळलं होतं. भाचीने ते ओलावून सुईने उकरायला घेतलं. सरस आणि भुशाचा तो लगदा खपलीसारखा निघाला, आणि खाली खळगे दिसले. तिने भिंग धरलं.

उंदीर दोन दातांनी कुरतडतो. इथे वर अर्धगोल होता, खाली अर्धगोल होता. दाढांचे ठसेसुद्धा होते. एवढे मोठे दात असलेला उंदीर कुठे सापडला असता, तर काठी राहू दे, आधी तो उंदीर मांडून ठेवावा लागला असता.

माणसाचे दात होते.

एका टोकाला एकाच माणसाचे ठसे होते, पुन्हा पुन्हा त्याच जागी, लाकूड गुळगुळीत होईपर्यंत. त्यावरच्या ठशांत एका दाताची जागा रिकामी, त्याहून वरच्यांत आणखी दोनांची. त्या टोकाला कोणीतरी म्हातारं होत गेलं होतं. दुसऱ्या टोकाला सगळ्यात खाली इवलेसे ठसे होते, दुधाच्या दातांचे. त्यावर पुढचे दात पडलेली खिंड. त्यावर नवे दात, मोठे, जरा वाकडे. आणि मग ते मोठे दातच, शेकडो वेळा.

भाचीने भिंग खाली ठेवलं. तिच्या हातात एक अख्खं बालपण होतं आणि एक अख्खं म्हातारपण, आणि दोन्हींमध्ये फक्त हातभर लाकूड.

ही दोन माणसं समोरासमोर बसून काठी का चावत होती? इतकी वर्षं? खेळ म्हणावा तर कोणीतरी कंटाळलं असतं.

स्वतः चावून बघायचा मोह तिला झाला. पण वस्तूंना कीड लागू नये म्हणून पूर्वी त्यांना विष चोळत, आणि संग्रहालयाच्या सेवेत मरण्याइतकी तिची नोकरी पक्की नव्हती. तिने झाडूचा जुना दांडा तेवढाच कापला, घासला, धुतला, दातांत धरला. आता पुढे काय हे न सुचून ती जरा वळली, आणि दांड्याचं दुसरं टोक टेबलावरच्या गजराच्या घड्याळाला टेकलं.

टिक तिच्या डोक्यात वाजली. कानांत नाही. जबड्यात, कपाळात, कवटीच्या मधोमध. तिने दोन्ही कान बोटांनी गच्च बंद केले. टिक आणखी मोठी झाली.

ती तशीच उभी राहिली, दात आवळून, डोळे विस्फारून. कुणाला तरी ऐकू येत नव्हतं. कुणाला तरी ते सहन होत नव्हतं. आणि त्यांच्यापैकी कुणीतरी, नाव ना गाव, हाडांमधून वाट काढली होती.

ती मामासमोर गेली आणि दांडा त्याच्या तोंडाशी नेला.

"हे काय? भूक नाही मला!"

तिने त्याचा जबडा चक्क घोड्यासारखा उघडला, दांडा बसवला, दुसरं टोक स्वतःच्या दातांत धरलं आणि आवळल्या तोंडाने म्हणाली, "मामा, ते उंदीर नव्हते रे."

मामाची मान डोलली नाही. गोड काही बोलणंही त्याला सुचलं नाही. त्याचे डोळे आधी तिच्यावर, मग छतावर, मग परत तिच्यावर आले. त्याने दांडा काढला, उलटसुलट करून पाहिला, परत दातांत धरला आणि हाताने खूण केली: बोल.

"काय बोलू? मी... मी आहे."

मामाने दांडा तोंडातून काढला.

"तुझा आवाज मोठा झालाय गं," तो म्हणाला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच हळू. "माझ्याकडे अजून लहानपणीचाच होता."

मग तिने त्याला भिंगाखालची काठी दाखवली. तो वाकून बघत राहिला. "मी यांची तोंडं बुजवली," एवढंच म्हणाला, आणि दांडा उचलून दालनाकडे चालू लागला.

मॅडम आल्या तेव्हा उभ्या घड्याळाचं दार उघडं होतं, आणि मामा झाडूचा दांडा चावत, त्याचं दुसरं टोक घड्याळाच्या लाकडाला टेकवून डोळे मिटून उभा होता. लंबकामागची पट्टी त्याने केसभर वाकवली. ऐकलं. पुन्हा केसभर. टिक आणि टॉक एकमेकांच्या जवळ आले, अडखळले, मग शेजारी शेजारी चालू लागले.

"हे काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

"घड्याळ," भाची म्हणाली.

मॅडमनी कान दिला. खरंच चाललं होतं, सरळ, एकसारखं. "झालं ना मग? अजून का उभे आहेत?"

घड्याळ केव्हाच लागलं होतं. मामाच निघत नव्हता. त्याच्या गालांवरून पाणी ओघळून दांड्यावर येत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

मग दाराजवळची पहारेकऱ्याची जड खुर्ची त्यांनी स्वतःच मामासाठी ओढत आणायला घेतली. खुर्चीचे पाय लाकडी फरशीवर करकरले, आणि ती करकर फरशीतून घड्याळाच्या लाकडात शिरली.

मामाने डोळे न उघडता एक हात वर केला.

"श्शू!" दांडा दातांत तसाच धरून तो म्हणाला. "कोण आहे ते? जरा हळू!"