आडवी झोपलेली भिंत

त्या रविवारी बाबा मोरीच्या फरशीवर चमच्याच्या दांड्यानं टकटक करत बसले होते. गवंडीकाम सोडून दहा वर्षं झाली, तरी कुठं पोकळ वाजलं की त्यांना चैन पडत नसे.

"तुमचं बरं आहे," ते लेकीला म्हणाले. "आमचं काम पडलं की तुमचं सुरू होतं."

"बाबा, चहा निवतोय."

"निवू दे. चहा काही पडत नाही."

ती हसली. वीस वर्षं मनात राहिलेली एक गोष्ट त्यांना सांगायची म्हणून ती आली होती. चहा झाला, पेपर झाला, गोष्ट राहिली. सोमवारी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

गोष्ट पदवीच्या दुसऱ्या वर्षाची. तिनं मानववंशशास्त्र आणि पुरातत्त्व घेतलं, तेव्हा काका म्हणाला होता, "बापानं रचायचं, लेकीनं उकरायचं." पण तिला ते दिवस फार आवडले. दोरीनं आखलेले चौकोन, चाळणीचा आवाज, दुपारच्या डब्यातही दाताखाली येणारी माती. उत्खननाच्या शिबिरात तिच्या खड्ड्यात कमरेइतक्या खोलीवर विटा लागल्या. आठ दिवस ब्रशनं झाडून सगळ्यांनी ठरवलं, ही घराची जमीन. तिचा विसरलेला स्वेटर घेऊन आलेले बाबा काठावर उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

"जमीन कसली? पाय लागले की विटांच्या कडा झिजतात. ह्या बघ, कोऱ्या करकरीत. सांध्यांत चुना आहे, आणि खाली मुरुम ठोकून केलेली बैठकच नाही. भिंत आहे पोरी, आडवी झोपलीय."

शिबिराच्या वहीचा नियम कडक होता: प्रत्येक निरीक्षणापुढे ते ज्यानं केलं त्याचं नाव. तिनं स्वतःचं लिहिलं. मॅडमनी ती नोंद वर्गात वाचून दाखवली. पुढच्या शिक्षणासाठी शिफारस मिळाली ती त्या नोंदीवर, नोकरी त्या शिफारशीवर. घरी बाबांनी विचारलं, "काय म्हणाल्या मॅडम?"

"आवडलं त्यांना."

बाबा खूश. आपण तिला काही दिलंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बाबा गेल्यावर आठवड्यानं मॅडम भेटायला आल्या. आता काठी टेकत चालत होत्या. आईजवळ बसून म्हणाल्या, "तुमच्या लेकीसारखी नजर मी पुन्हा पाहिली नाही. आम्ही सगळे जमीन समजत होतो, हिनं पडलेली भिंत ओळखली. दुसऱ्या वर्षाला होती फक्त."

"माझ्यावर गेलीय," काका म्हणाला. आई त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "हे ऐकायला ते हवे होते."

तिनं हातातला कप खाली ठेवला.

"मॅडम, ती भिंत मी ओळखली नव्हती. बाबांनी ओळखली. काठावर बसून, हातही न लावता. वहीत नाव मात्र मी माझं लिहिलं."