सिलेखान्याचे हार

दारावर पाटी होती 'शस्त्रागार'. साहेब लोक आर्मरी म्हणायचे. माझे सासरे बुधाजी जुने शिपाई, ते मरेपर्यंत सिलेखानाच म्हणत राहिले, म्हणून आम्ही बायकाही तेच म्हणायचो. नायगावच्या पोलीस लायनीत आमच्या घरापासून शंभर पावलांवर ती दगडी खोली. चावी आमच्या ह्यांच्याकडे. नाव गणपत, एकदाच सांगते, पुन्हा घेणार नाही. शिपायांना बंदुका द्यायच्या, परत आल्या की नळ्या साफ करून ठेवायच्या, हे ह्यांचं काम.

माझा पाठचा भाऊ जयवंत लालबागला राहायचा, गिरणीत साच्यावर कापड विणायचा. रविवारी जेवायला आला की ह्यांना चिडवायचा, "भावोजी, सिलेखान्यातली एक बंदूक द्या की, मुंबई घेऊनच येतो." हे म्हणायचे, "गप जेव." दोघांचं जमायचं.

पंचावन्न सालच्या एकवीस नोव्हेंबरला जयवंत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गेला आणि फोर्टात गोळी लागून मेला. त्या सकाळी बंदुका ह्यांच्याच हातून गेल्या होत्या. मेलेला आपला मेहुणा, हे ह्यांनी कचेरीत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चावी गेली असती, चावीबरोबर राहतं घर, आणि दोन मुलींना घेऊन जायचं कुठे? मला कळत होतं सगळं. शेजारणींना मी सांगितलं, भाऊ तापाने गेला. सख्ख्या भावाच्या मरणाबद्दल खोटं बोलले, ते मला अजून सोसत नाही. त्या दिवसापासून ह्यांच्याशी बोलणं तुटलं. वाढलंय, मीठ संपलंय, एवढंच.

छप्पन्नची खंडेनवमी आली. सिलेखान्यात त्या दिवशी बंदुका रांगेने मांडून पूजा होते. हार माझ्या हातचे, ओवाळायचा मानही माझा, नऊ वर्षं. आदल्या दिवशी हे झेंडूची टोपली पुढ्यात ठेवून म्हणाले, "कौसल्या, तू आली नाहीस तर साहेब विचारतील."

"विचारू देत. तुमच्या तोंडाला कुलूप आहेच की."

बोलून गेले खरी. मग मुलींकडे बघितलं नि सुईदोरा घेतला. हार ओवताना रडले, झेंडूलासुद्धा शिव्या घातल्या. माणसाला पोटासाठी काय काय करावं लागतं, जळो ते.

सकाळी बंदुका भिंतीला लावून उभ्या होत्या, खाली रांगोळी, उदबत्तीचा वास. शिपाई हात जोडून मागे उभे. साहेब म्हणाले, "वहिनी, करा सुरुवात." पहिल्या बंदुकीला कुंकू लावलं, हार घातला. दुसरीला लावलं. तिसरीकडे वळले तर हे मध्ये आले. माझ्या हातातलं ताट धरलं.

"हिला नको," हे म्हणाले.

"का रे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, ही त्या दिवशी चाललेली आहे. ही आणि पलीकडच्या चार. नळ्या मीच पुसल्या. पुसून घरी गेलो, तर मेहुणा गेल्याचं कळलं. कौसल्येचा भाऊ. तापाने नाही गेला तो."

साहेबांनी चावी मागितली नाही, ह्यांनीच कमरेची काढून पाटावर ठेवली. उरलेले हार टोपलीत तसेच राहिले.

परत येताना मी ह्यांचा हात धरला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, भर दिवसा लायनीदेखत कधी धरला नव्हता. घर जाणार हे दोघांनाही ठाऊक होतं. हे रडत होते, पुसत नव्हते. मीही पुसा म्हटलं नाही.

दारात धाकटी अंबिका उभी होती. "आई, बाबा का रडतात?"

"तुझ्या मामासाठी," मी म्हटलं. "पोलिसांच्या गोळीने गेला तो."

शेजारीण उंबऱ्यावर तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. मी आवाज खाली आणला नाही.