खाचेचं बटण साखरेला

"अगं, हा डबा इथं कशाला ठेवलास?" म्हाताऱ्याने चटका बसावा तसा हात मागे घेतला. "सोल्डरिंगची पेस्ट असायची यात. विष आहे ते!"

"असायची. चांगला घासून उकळून घेतलाय. आता चहापत्ती आहे त्यात."

"हाताला धुतलेलं कळत नाही," तो म्हणाला आणि भिंत चाचपत हात धुवायला गेला.

तिने चहापत्ती दुकानातल्याच जुन्या बल्बच्या डब्यात ओतली आणि पेस्टचा डबा बाहेर टाकला. चूक तिचीच. रेडिओ दुरुस्त करण्यात जन्म गेलेली ती बोटं, ती काय विसरणार? दोन्ही डोळे गेले तरी दुकानातला एकेक डबा त्यांना तोंडपाठ होता. ती नवी नवरी होती तेव्हा दुकानात जेवणाचा डबा घेऊन जायची. हा गिऱ्हाइकाशी गप्पा मारतोय, मान वर नाही, आणि हवा तोच स्क्रू चिमटीत! तिला ती जादूच वाटायची.

म्हणून तर तिने बंद दुकानाचं माळ्यावर पडलेलं सगळं सामान खाली स्वयंपाकघरात उतरवलं होतं. मोठ्या रेडिओचं लाकडी खोकं आता फडताळ झालं होतं. स्क्रूच्या खणांत मिरे आणि लवंगा गेल्या. दोन डब्यांच्या झाकणांवर तिने रेडिओची बटणं बसवली, खाचेचं साखरेला, गुळगुळीत मिठाला.

लेक आली ती नवेकोरे डबे घेऊनच. "आई, हे स्वयंपाकघर आहे की भंगाराचं दुकान? हे बघ, सगळे एकसारखे. किती छान दिसतात!"

"दिसतात गं. तेच तर अडलंय."

लेक ओशाळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाबांना मी नेते ना माझ्याकडे."

"मी काय पार्सल आहे?" आतून खणखणीत आवाज आला. "कान शाबूत आहेत म्हटलं माझे!"

लेक गेली. उद्या म्हातारीला दवाखान्यात भरती व्हायचं होतं. हृदयाचं ऑपरेशन. "वय झालंय आजी, खात्री देता येत नाही," एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. स्वतःची भीती तिने कशीबशी गिळली होती. पण तो एकटा, गॅस चालू आणि काडी सापडत नाही, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

"अहो, आज चहा तुम्ही करायचा," ती म्हणाली. "मी घरात नाही असं समजा. मेले तरी बोलणार नाही."

"शुभ बोल गं जरा."

ती दाराशी स्टुलावर बसली. त्याने पातेलं शोधलं, पाणी घातलं, ते शेगडीवर ठेवलं. बटण फिरवलं. गॅस फुसफुसू लागला आणि नेमकी काडी हातातून निसटली. तो खाली वाकला. फरशीवर हात फिरू लागला. फुसफुस चालूच. 'बंद करा आधी!' हे शब्द तिच्या दातांपर्यंत आले. तिने तोंडावर हात दाबला.

त्याचा हात फरशीवरच थांबला. तो उठला आणि त्याने बटण बंद केलं. चाचपत जाऊन खिडकी सताड उघडली. बराच वेळ नाकाने हुंगत उभा राहिला. मग दुसरी काडी घेतली, आधी ती पेटवली आणि मगच बटण फिरवलं. जाळ निळा आला.

तिने तोंडावरचा हात काढला.

पुढे त्याचं बोट गुळगुळीत बटणावर गेलं, क्षणभर घुटमळलं आणि शेजारच्या खाचांवर सरकलं. साखर पडली. पत्ती पडली. दूधही ओतलं. चहाला उकळी आली ती त्याने कानाने ओळखली.

मग त्याने फळीवरून कप काढला. एकच. काठाच्या आत बोट धरून चहा ओतला, थेंबही सांडला नाही. गॅस बंद आहे ना, हे दोनदा चाचपलं. कप घेऊन तो खुर्चीत बसला आणि फुंकर मारत सावकाश पिऊ लागला. ती घरातच नसल्यासारखा, तिच्याकडे तोंड न वळवता.

स्टूल करकरू नये म्हणून ती अंग चोरून, श्वास रोखून बसून राहिली.