सरासरीत बुडालेला सोमवार

कालिनाला सोमवारची सकाळ परत मिळाली ती एका स्क्रिप्टमुळे.

बाळंतपणाची लांबलचक रजा संपवून ती दवाखान्याच्या संगणक विभागात परतली. दर सोमवारी सकाळी नोंदणीच्या खिडक्या उघडायच्या वेळी हजर राहायचं, सर्व्हर आठवडाभर किती राबला, किती निवांत होता, कुठे अडला याचे आकडे हाताने गोळा करायचे आणि दवाखान्याचे प्रमुख व्लादेव साहेब कॉफी घ्यायच्या आत त्यांच्या टेबलावर ठेवायचे, हे तिचं काम. नेमकं त्याच वेळी तिचा छोटा बोयान पाळणाघराच्या दारात तिच्या कोटाचं बटण मुठीत धरून रडायचा. नवरा ट्रक घेऊन जर्मनीच्या रस्त्यांवर. मग बोयान दुपारचा झोपला की रविवारी थोडं, शनिवारी थोडं, असं करत तिने संगणकाला द्यायच्या आज्ञांची एक फाईल, म्हणजे ती स्क्रिप्ट, लिहिली आणि सर्व्हरच्या वेळापत्रकात लावून टाकली.

"आता हे आपोआप होईल," ती साहेबांना म्हणाली. "सोमवारी मी जरा उशिरा आले तर चालेल?"

"अहवाल आला म्हणजे झालं. तू ये नाहीतर नको येऊस."

अहवाल येऊ लागला. आणि कालिना पाळणाघराच्या जोडे काढायच्या खोलीत उकिडवी बसू लागली. नर्सबाई रोजच्यासारखा घसा तपासायच्या, बोयान 'आ' करायचा, आणि मग तो स्वतःहून बटण सोडेपर्यंत ती हलायची नाही. त्यात तिला फार काही वाटायचं असंही नाही. दातवाल्याने सुई दिल्यावर गाल जसा आपला असून आपला नसतो, तसं तिचं सगळंच झालं होतं, बोयान जन्मल्यापासून. कधी उतरेल, कुणी सांगत नव्हतं. पण ती बटण सुटायची घटका आपली आहे, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

खाली रक्ततपासणीच्या नोंदणीला स्तोयांका मावशी बसायच्या. निवृत्तीला आलेल्या, तोंडाने तिखट.

"पोरी, तुझं ते यंत्र सोमवारी प्यायलेलं असतं का गं?" त्या जिन्यात गाठून विचारायच्या. "एक नाव टाकलं की झोपतं. रांग दारापर्यंत. उपाशीपोटी आलेली म्हातारी माणसं मला शाप देतात."

कालिना अहवाल बघायची. सगळं हिरवं. साहेबांनीही तोच बघितला होता.

"यंत्र निवांत आहे, स्तोयांका," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "मग मंद कोण, ते तुम्हीच सांगा." एक तारखेपासून मावशींना तळघरात, जुन्या फायलींपाशी बसवायचं ठरलं. तिथे खिडकी नाही. दुसऱ्या आठवड्यात मावशी नवा चष्मा लावून आल्या.

मग पाळणाघरात कांजिण्या निघाल्या. दाराला कुलूप. कालिना त्या सोमवारी बोयानला कडेवर घेऊन सकाळीच दवाखान्यात आली आणि बसायला जागा म्हणून मावशींच्या पाठीमागे टेकली. खिडकी उघडली. मावशींनी पहिलं नाव टाकलं. संगणकाचा पडदा गोठला.

"बघ! बघितलंस? ह्याला मी काय करू, ओवाळू?"

काचेपलीकडून एक म्हातारा ओरडला, "बाई, रक्त द्यायला आलोय, जीव नाही!"

कालिनाने बोयानला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि शेजारच्या संगणकावरून सर्व्हरवर आत्ता काय काय चाललंय ते उघडलं. सगळ्यात वर, बाकी सगळ्यांच्या उरावर बसल्यासारखं, एकच काम होतं. पुढे तिचंच नाव.

तिची स्क्रिप्ट. सोमवारी खिडक्यांबरोबर उठायची आणि साऱ्या नोंदी मुळापासून वाचायची. महिन्यागणिक नोंदी साचल्या, तसा वाचायला वेळ वाढत गेला. आणि आकडे काढायची सबंध आठवड्याच्या सरासरीने, रात्री धरून, रविवार धरून. हंडाभर पाण्यात मिठाचा खडा टाकावा तशी मावशींची ती सकाळ विरघळून जायची. म्हणून हिरवं.

वेळ बदलणं दोन बोटांचं काम होतं. मध्यरात्रीला लावून द्यायची, कुणाला कळणार नाही. पण मग पुढच्या सोमवारी सगळं भराभर चाललं असतं आणि साहेब म्हणाले असते, बघा, धाक दाखवला की बाई कशी सुधारते. मावशींसाठी तळघर तर होतंच. बोयान मावशींच्या चष्म्याची दोरी ओढत होता. मावशी ओढू देत होत्या.

कालिना त्याला घेऊनच वर गेली.

"साहेब, सोमवारी यंत्र अडतं ते माझ्यामुळे."

"तू तर सोमवारी नसतेसच."

"मी नसते. माझा अहवाल असतो." तिने सगळं सांगितलं. आवाज सपाट होता, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसा.

व्लादेव साहेबांनी कपाळ चोळलं. "म्हणजे ताप मोजणारानेच ताप आणला?"

"हो. आणि मावशींना खाली पाठवू नका."

"ते रद्द." त्यांनी टेबलावरचा अहवाल बाजूला सारला. "वेळ बदल. पण आता कागदावर विसंबून मी माणूस हलवणार नाही. यापुढे सोमवारी खिडकी उघडताना तू तिथे बसायचंस. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मला सांगायचं."

"किती दिवस?"

"मी नको म्हणेपर्यंत."

ती 'बरं' म्हणाली. सोमवारची सकाळ गेली, हे आता मनाला लागेल, आता लागेल, म्हणून जिन्यात थांबली. काही लागलं नाही.

मावशींना सांगितलं तेव्हा त्या बघतच राहिल्या. "म्हणजे इतके दिवस मी खाल्लेली बोलणी तुझ्या वाट्याची होती?"

"हो, मावशी."

"आणि मी गाढवीण! वाटलं, नजर गेली आपली. चष्मा करून आले." त्यांनी तो काढला, पुसला, परत लावला. "एक झालं, तुझं तोंड नीट दिसतंय यातून. सुकलंय. काही खाल्लंस?" असं म्हणून चीज घातलेल्या बानित्साचा तुकडा त्यांनी पुढे सरकवला. रागाने सरकवला, पण मोठा होता.

कांजिण्या ओसरल्या. पुढच्या सोमवारी सासूबाई बोयानला पाळणाघरात न्यायला घरी आल्या. निघताना त्याने कालिनाचं बटण धरलं. ती घाईत वळली आणि तटकन दोरा तुटला.

खिडकीपाशी ती पोचली तेव्हा रांग लागली होती. मावशींनी नाव टाकलं, पडदा लगेच उघडला. दुसरं नाव, तेही. सासूबाईंचा फोन आला.

"पोचवला गं. 'आ' केलं आणि गेला आत."

"रडला?"

"छे. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. फक्त ते बटण सोडेना. नर्सबाई म्हणाल्या, तोंडात घालेल, काढा. मूठ उघडेना बाई! शेवटी जोड्यांच्या खणात ठेवलं, त्याच्या डोळ्यांदेखत, तेव्हा गेला."

"बरं झालं, आई," कालिना म्हणाली. फोन ठेवला.

"रडला का?" मावशींनी मान न वळवता विचारलं.

"नाही."

"शहाणं आहे पोर." मग काचेकडे तोंड करून, "पुढचे या! आज चालतंय, या लवकर!"

कोटावर बटणाच्या जागी दोऱ्याचं टोक लोंबत होतं. कालिनाने ते बोटाभोवती गुंडाळलं, घट्ट. बोटाचं टोक आधी लाल झालं, मग पांढरं. दुखतंय का, ते ती बघत बसली.