सकाळची तिची, संध्याकाळची त्याची

माझा धाकटा भाऊ आणि भावजय सगळं अर्धं अर्धं करून खातात. केळं असलं तर मोडून, पाव असला तर फाडून, आणि चहाचा एकच मोठा मग दोघांत. दोघांच्या चष्म्याचा नंबर जवळजवळ सारखा निघाला, तर यांनी दुसरा चष्मा केलाच नाही. ती शिवणयंत्रावर बसली की चष्मा तिच्या नाकावर, तो खुर्ची ठोकायला बसला की त्याच्या. दोघांना एकाच वेळी लागला, तर ती डोळे बारीक करून शिवते आणि तो उठून तिच्याजवळचा दिवा सरळ करतो. म्हणजे चष्मा नेमका त्याच्याकडे असतो. हे बघून कधी मला हसू येतं, कधी डोक्यात तिडीक जाते. पण बरं वाटतं, हे खरं. दोघांचंही हे दुसरं लग्न. पहिल्या संसारात दोघांच्याही वाट्याला वाटून खावं असं काही आलं नव्हतं.

आमचं दुकान जुन्या खुर्च्या आणि सोफे नवे करून देण्याचं. खाली दुकान, वर दोन खोल्या. मी थोरली. कापड बेतणं, कापणं आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणं हे माझं खातं. भावजय खोळी शिवते. भाऊ जुनं कापड उसवतो, स्प्रिंगा बसवतो, भरण भरतो आणि वरून नवं कापड ठोकतो. ठोकताना दोन्ही हात गुंतलेले, म्हणून बारीक खिळे तोंडात धरायचे आणि एकेक काढून लावायचे, ही या धंद्यातली पद्धतच आहे. पण आमचा हा पठ्ठ्या नको असलेला विषय निघाला की ठोकायचं काही नसतानाही खिळे तोंडात टाकतो. मग बोला भिंतीशी. म्हणून मी त्याला खिळ्या म्हणते.

दुकानाच्या भिंतीवर एका आकड्याला लहान मुलाची एक खुर्ची टांगलेली आहे. कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेलं, ते परत आलंच नाही. भावजयीनं उरल्यासुरल्या पिवळ्या कापडात ती मढवली आणि वर टांगली. गिऱ्हाइकांनी किंमत विचारली की ती म्हणते, विकायची नाही. का, ते आम्हा तिघांना ठाऊक आहे. तिला मूल हवं होतं. पस्तिशी उलटून गेली होती, आणि दर महिन्याला ती दोन दिवस गप्प गप्प असायची.

तर ही बाई कधीपासून ओटीपोट दाबून जिना चढायला लागली, ते आधी माझ्याही लक्षात आलं नाही. अंगावरून पांढरं जायचं, लघवीला आग व्हायची, पण बोलायची सोय कुठली? बायकांची जातच अशी, सगळं अंगावर काढायचं. शेवटी सहन होईना तेव्हा ती एकटीच दवाखान्यात गेली आणि गोळ्या घेऊन आली. मला एवढंच म्हणाली की इन्फेक्शन आहे, डॉक्टरीणबाईंनी कोर्स दिलाय. मीही खोलात शिरले नाही. थोडे दिवस बरं वाटलं. मग एका दुपारी सोफ्याची मोठी खोळ शिवता शिवता ती यंत्रावरच वाकली आणि तशीच बसून राहिली.

तिला धरून वर नेलं, गरम पाण्याची पिशवी दिली. गोळ्या सगळ्या घेतल्या होत्यास ना, असं विचारलं. हो म्हणाली. वर समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, "सकाळची मी घ्यायचे, संध्याकाळची ते."

मला वाटलं, तापात बरळतेय. कपाळाला हात लावला, तर ताप होताच थोडा. पण ती शुद्धीवर होती. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. या आजाराला क्लॅमिडिया म्हणतात. तो शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याला लागतो. डॉक्टरीणबाईंनी तिला स्वच्छ सांगितलं होतं की नवऱ्यालाही घेऊन ये, त्याला काही होत नसलं तरी तपासू, त्याला त्याचा वेगळा पूर्ण कोर्स देऊ, आणि दोघांची औषधं संपेपर्यंत एकमेकांपासून लांब राहा. तिनं घरी येऊन हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिळे तोंडात. मग त्यानंच तोडगा काढला. औषध घरात आहेच, आपलं सगळं वाटून असतं, तेही वाटून घेऊ. आणि लांब राहायचं म्हणजे काय, ते तर यांना ठाऊकच नाही.

हिनं ऐकलं. कारण त्यात तिला माया दिसली. माझं म्हणाल, तर तळपायाची आग मस्तकात गेली.

माझ्या डोक्यात पहिला विचार जो आला तोच कुणाच्याही येईल. मी खाली उतरले. खिळ्या एका आरामखुर्चीची पाठ ठोकत होता. हातात रबरी मोजे. गेले काही दिवस तो मोजे घालून काम करत होता, प्रत्येक गादी फिनाईलनं पुसत होता, आणि मी मनात म्हणत होते, चला, उशिरा का होईना, टापटीप आली. मी समोर उभी राहिले आणि विचारलं, हे दुखणं कुठून आणलंस?

त्यानं खिळे तळहातावर काढले. कुठूनच नाही, म्हणाला. शपथ घेतली. मग इकडेतिकडे बघत हलकेच म्हणाला, "लोकांचे सोफे असतात, ताई. त्यावर कोण कोण बसलेलं असतं, आपल्याला काय माहीत."

मोज्यांचा आणि फिनाईलचा उलगडा तेव्हा झाला. एवढी चिडलेली असूनही मला हसू फुटायच्या बेतात होतं. या माणसाला खोटं बोलायला येत नाही. लहानपणी चोरून साखर खाल्ली तर तोंड पुसायचीही अक्कल नव्हती त्याला. तो कुठे गेला नव्हता, हे मला त्या फिनाईलच्या वासानंच पटलं.

मग दवाखान्यात का गेला नाहीस, असं विचारलं. त्याचा हात पुन्हा खिळ्यांच्या डबीकडे गेला. मी डबी उचलली, झाकण लावलं आणि काखेत धरली. शेवटी बोलला. त्या दवाखान्यातल्या बाकांच्या गाद्या आम्हीच भरून दिलेल्या. तिथली आया, कंपाउंडर, सगळे ओळखीचे. तिथे जाऊन या आजाराचं नाव घ्यायचं? पण खरं कारण त्याच्याही खाली होतं. तो म्हणाला, माझ्यात काही निघालं तर ती माझ्याकडे संशयानं बघेल. आणि माझ्यात नाही निघालं, तर माझ्या मनात तिच्याबद्दल नको ते येईल. त्यापेक्षा झाकली मूठ बरी.

"त्या मुठीत काय झाकलंयस कळतंय का तुला?" मी म्हटलं. "ती पिवळी खुर्ची. आणि वाटून घेतलं म्हणतोस ना सगळं? गोळ्या अर्ध्या घेतल्यास. लाज मात्र सगळी तिच्या एकटीच्या पदरात टाकलीस. त्या बाकावर ती एकटी बसली होती, खिळ्या."

त्यानं हातोडी खाली ठेवली. मोजे काढले. एकेक बोट ओढून, हळूहळू. मग वर गेला. मी खाली दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि भर दुपारी पाटी उलटी केली. तो वर तिच्याशी काय बोलला ते मला माहीत नाही आणि विचारणारही नाही. दोघं खाली आले तेव्हा त्यानं तिच्या चपला हातात आणल्या होत्या, तिला वाकायला लागू नये म्हणून.

दवाखान्यात आम्ही तिघं आमच्याच गादीवर बसलो. खिळ्या अंग चोरून, मान खाली घालून गादीच्या शिवणीवर नख फिरवत होता. नर्स बाहेर आली, ओळखीचं हसली आणि पेशंट कोण म्हणून विचारलं. भावजय उठायला लागली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतः आधी उभा राहिला.

"दोघं," तो म्हणाला.

आवाज एवढासा होता, पण निघाला. मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. तो सापडायला बराच वेळ लागला.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासलं, रक्त घेतलं, लघवी तपासायला दिली, तिची सोनोग्राफी केली. असली इन्फेक्शनं कधी कधी जोडीनं येतात, तेव्हा बाकीच्याही तपासण्या करून टाकू, असं त्या म्हणाल्या. मग मलाही आत बोलावलं, कारण भावजयीनंच तसं सांगितलं. खिळ्यानं धीर करून सोफ्यांचं विचारलं. बाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. हे खुर्चीवरून येत नाही, टॉवेलवरून नाही, संडासाच्या भांड्यावरून नाही, एका मगातून चहा प्यायल्यानं तर नाहीच नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग कुणाकडून कुणाला? तर ते ठरवता येणार नाही. हा आजार काही त्रास न देता खूप काळ शरीरात दडून राहू शकतो. दोघांचीही आधी लग्नं झालेली. कुणाच्या बरोबर केव्हाचा आला असेल, देव जाणे. घराला आग लागल्यावर काडी कुणी ओढली ते शोधत बसायचं नसतं, आधी पाणी ओतायचं, एवढंच त्या म्हणाल्या.

गोळ्या वाटून घेतल्याचं ऐकून मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं. अर्ध्या औषधानं दोघांतलं कुणीच बरं होत नाही. आणि बरं होण्याआधी एकत्र आलात तर तोच जंतू इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. मधल्या काळात तो वर चढतो, गर्भनलिकांपर्यंत जातो. दुखणं परत आलं ते त्यामुळेच. नलिका बंद झाल्या तर मूल राहणं अवघड होतं.

भावजयीनं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. आता होईल का मला, असं तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, वचन देऊ शकत नाही, पण सोनोग्राफीत नलिका सुजून बंद झाल्याचं काही दिसत नाही. उशीर फार झालेला नाही. या वेळी पूर्ण औषध घ्या.

तिला इंजेक्शन आणि आधीपेक्षा जास्त दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्याच्यातही तोच जंतू निघाला, त्यामुळे त्याला त्याच्या गोळ्या. बाकी तपासण्या चांगल्या आल्या. दोघांची औषधं संपून डॉक्टरीणबाई हो म्हणेपर्यंत संबंध नाही, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. निघताना त्यांनी कंडोमचं एक पाकीट त्याच्या हातात दिलं. बाईंचा निरोप येईपर्यंत थांबायचंच, पण त्यानंतरही मनात जरा शंका असली तर वापरा, आणि शंका आली की लपवण्याआधी इकडे या, असं बजावलं. खिळ्यानं ते मान वर करून घेतलं आणि खिशात टाकलं. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

घरी दोन वेगळे डबे केले. तिचा निळा, त्याचा लाल. दोन वेगळे पेले. मला पहारेकरी नेमलं, आणि ही नोकरी मी फार आवडीनं केली. गोळी गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायचे. खिळ्या खाली दुकानात गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर झोपायचा. दिवा मालवला की हातोडीच्या दांड्यानं छताला दोनदा ठोकायचा, आणि वरून ती टाच आपटायची. मी वरच्याच, जिन्याशेजारच्या खोलीत. दोन्हीकडचे आवाज मलाच. लग्न न करताच मी असल्या संसाराची ठोकाठोक ऐकत पडायचे, आणि खोटं कशाला बोलू, ती टाच वाजल्याशिवाय मलाही झोप यायची नाही.

मध्येच एकदा खिळ्याला उपरती झाली. असंच असेल तर चष्माही दुसरा करू, म्हणाला. भावजयीनं सुई दोऱ्यासकट थांबवली. चष्म्यातून काही लागत नाही, मी विचारलंय, असं म्हणून तिनं त्याच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःच्या नाकावर ठेवला.

तीन महिन्यांनी पुन्हा आम्ही त्या बाकावर. आधीच्या दुखण्याचा मागमूस नव्हता. आतून बोलावलं, दोघं गेले, मी बाहेर. परत आले तेव्हा तिचा चेहरा बघूनच कळलं. दोघंही स्वच्छ. आता प्रयत्न करायला हरकत नाही, म्हणाल्या होत्या बाई. होईल की नाही ते कुणालाच माहीत नाही, मलाही नाही. पण त्या दिवशी तिनं पोटावर हात ठेवला तो दुखतंय म्हणून नव्हता.

आम्ही निघणार, तेवढ्यात एक तरुण बाई तपासणीच्या खोलीतून बाहेर आली आणि बाकाच्या टोकाला बसली. एकटीच. हातात गोळ्यांचं पाकीट, तेही अर्धं पदराखाली लपवलेलं. पाय फरशीवर घट्ट टेकवलेले, नजर त्यांच्यावरच. मी तिच्याकडे बघितलं, भावजयीनं बघितलं, आणि आम्ही दोघींनीही तोंड उघडण्याआधी खिळ्या वळला. बाक माणसांनी भरलेला होता. कंपाउंडर होता, आया होती, आमच्या दुकानात दोन खुर्च्या टाकून गेलेले एक आजोबाही होते. खिळ्यानं दुकानात गिऱ्हाइकाला लावतो तसा मोकळा आवाज लावला.

"बाई, तुमच्या मालकांना घेऊन या," तो म्हणाला. "आणि गोळ्या वाटून खाऊ नका हं. आम्ही खाल्ल्या होत्या."

सगळ्या बाकानं मान वर केली. खिळ्याचे कान लालभडक झाले, पण तो हलला नाही. भावजय आधी ओठ दाबून उभी होती, मग तिला हसू आवरेना. त्या तरुण बाईनं पाकीट पदराखालून काढून मांडीवर ठेवलं आणि किती दिवस घ्यायच्या असतात, असं त्याला विचारलं. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. खिळ्यानं न बघताच मागे हात केला, आणि भावजयीनं स्वतःच्या नाकावरचा चष्मा काढून त्याच्या हातात दिला.