काल्यातला वाडीचा वाटा

कोंडूला मी शब्द दिला तो दसऱ्याला. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवून तो वाकला आणि म्हणाला, "आबा, औंदा तरी आमच्या साकवाचं बगा."

"बघायचं काय त्यात? माझा हात तुझ्या बाजूनं," मी म्हणालो. आणि ते खरं होतं. त्या दिवशी तरी खरं होतं.

उर्से गावापासून कोसभर आत आमचं गाव. गाव ओढ्याच्या अलीकडं, ठाकरवाडी पलीकडं डोंगराच्या पोटाशी. ओढ्यावर पायी ओलांडायला साकव म्हणून दोन ओंडके टाकलेले असत आणि दर आषाढात ते वाहून जात. मग भाद्रपद सरेपर्यंत वाडीची पोरं शाळेला नाहीत, बाया रेशनच्या दुकानाला नाहीत, तापानं फणफणलेला माणूस तळेगावच्या दवाखान्याला नाही. कोंडू हा वाडीचा पंच, राखीव जागेवरून आलेला. तो म्हणायचा, "तुमी देवळात शिरताना चपला काढता. आमी गावात येताना ओढ्याला इचारून येतो."

मीही ग्रामपंचायतीचा पंच, पण ते नंतर. आधी मी टाळकरी. चाकणकडचे एक बुवा आमच्याकडं कीर्तनाला येत, आणि एकोणीस वर्षं त्यांच्या उजव्या हाताला उभा राहून मी चाल म्हणत होतो. बुवांनी चरण सोडलं की ते उचलायचं, वर न्यायचं, चार अंगांनी फिरवायचं आणि पुन्हा अलगद त्यांच्या हाती द्यायचं. ज्यांनी कान देऊन कीर्तन ऐकलंय त्यांना ही जागा काय असते ते सांगायला नको. बुवा डोळे मिटून थांबलेले असतात, पखवाज दबलेला असतो, आणि तेवढ्या वेळापुरता देव तुमच्या गळ्यात येऊन बसलेला असतो. त्या जागेपायी मी वर्षानुवर्षं चिंच तोंडाला लावली नाही. सकाळ-संध्याकाळ मिरी आणि खडीसाखर.

त्या वर्षी कार्तिकी एकादशीच्या कीर्तनात मी चाल वर नेली आणि वर नेता नेता श्वास तुटला. फार नाही, केसभर. पण ती चाल खाली पडलीच नाही. मागून कुणीतरी ती झेलली. पायरीजवळ वाडीची माणसं बसत, तिथून. आवाज रुंद, मोकळा, जरा रानटीच म्हणा, पण इतका वर गेला की पखवाजवाल्याचा हात थांबला.

बुवांनी डोळे उघडले. "कोण रे ते? असा पुढं ये."

कोंडू उठला. डोक्याचं फडकं सोडून त्यानं हातात धरलं होतं. बुवांनी त्याच्या कपाळाला बुक्का लावला, खांद्याला धरून त्याला आपल्या उजव्या हाताला उभं केलं आणि म्हणाले, "ह्याच्या आवाजाला डोंगर लागलाय." आणि मग माझ्याकडं बघून, अगदी मायेनं, "सीताराम, जरा सरक."

मी एक पाऊल सरकलो.

ते एक पाऊल मी पुढं महिनाभर चालत होतो. जेवताना, नांगर धरताना, पहाटे काकडा म्हणताना. पलीकडच्या उतारावरून कोंडू गुरांना हाळी देई. ती हाळी मी जन्मभर ऐकत आलो होतो, पण आता ती ऐकली की मी हातातला घास ताटात परत ठेवी. ह्याला कुणी शिकवलं? ह्याला चरण कुठं तोडायचं ठाऊक नाही, श्वास कुठं घ्यायचा ठाऊक नाही. मी एकोणीस वर्षं चिंच खाल्ली नाही, आणि हा बाबा वाटेवरचे आंबट आवळे खात खात येतो!

"पुन्हा खडीसाखर?" माझी बायको सरूबाई म्हणाली. "खोकला तर न्हाई तुमाला. मंग जळतंय कुटं?"

"काही जळत नाही."

"व्हय तर. धूर तेवडा दिसतोय."

मार्गशीर्षात पंचायतीची सभा भरली. ग्रामसेवक गोपाळकृष्ण हे तळेगावचे, सरळ माणूस. त्यांनी प्रोसिडिंग उघडलं आणि सांगितलं, "मंडळी, पंचायत समितीकडे एकच काम जाईल. पहिल्या नंबरावर जे लिहू ते होईल. खालची नावं नुसती लिहायची म्हणून."

मागणं काय कमी होतं? शाळा गळत होती. विहिरीला कठडा नव्हता, गेल्या साली शेळी पडली होती. चावडीपुढचा कंदील फुटलेला. पण बोलता बोलता बाकीचं गळालं आणि दोनच राहिली. वाडीचा साकव, आणि मारुतीपुढं सप्त्यासाठी पत्र्याचा मंडप. मंडपाला कागदावर समाजमंदिर म्हणायचं, म्हणजे वर कुणी अडवणार नाही.

सरपंच भिमाजींनी हात वर करायला सांगितलं. साकवाला तीन, मंडपाला तीन. सातवा मी. कोंडू माझ्याकडं बघून हसला. हिशेब झालाच, असं ते हसू होतं.

मी उठलो. मी काय बोललो ते आजही आठवतं, कारण बोललो फार छान. म्हणालो, श्रावणात सप्ता बसतो आणि देवळाच्या दारातून झड आमच्या बुवांच्या अंगावर येते, वीणा भिजते, ही गावाला शोभा नाही. देहाची सोय उद्याही होईल, देवाचं आधी. बोलता बोलता माझा मलाच गहिवर आला. दोघांनी डोळे पुसले. आणि आतल्या आत एकच गोष्ट मला स्वच्छ दिसत होती. साकव नसला, की श्रावणातल्या सप्त्याला वाडी येत नाही.

मी मंडपाला हात वर केला.

कोंडूचं हसू लगेच गेलं नाही. ते कुठं ठेवावं हे त्याला समजेना असं दिसलं. मग म्हणाला, "बरं आबा. द्येवाचं हाय."

चैत्रात पत्रे आले. श्रमदानाला कोंडू वाडीची बारा माणसं घेऊन आला. खांबांचे खड्डे त्यांनीच खणले. आढ्यावर चढून शेवटचा पत्रा कोंडूनंच ठोकला. मी खालून खिळे देत होतो. तो वरून म्हणाला, "आबा, हितनं आमची वाडी लय जवळ दिसती." मी दुसरा खिळा दिला.

श्रावणात सप्ता बसला. ओढा फुगला होता. वाडीचं कुणी आलं नाही. मी उजव्या हाताला उभा राहिलो, माझ्या जागेवर. गळा तयार होता. बुवांनी नमन केलं, आणि पाऊस आला.

आमच्या गावात घरं कौलाची नाहीतर गवताची. पत्र्याखाली मावळातला पावसाळा कुणी काढलाच नव्हता. वरून असा काही ताशा सुरू झाला की बुवांचे ओठ हललेले दिसत, शब्द येईना. पखवाज मुका. मी चाल म्हटली, शिरा ताणून म्हटली, ती माझ्याच कानात शिरली नाही. सहा दिवस हेच. लोक हात जोडून बसत, एकमेकांकडं बघत आणि आरतीला उठत. चौथ्या दिवशी माझाच चुलतभाऊ माझ्या कानाशी ओरडून म्हणाला, "कोंडू असता तर पत्रा फाडून ऐकू आला असता बग!"

सातव्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. आमच्याकडची रीत अशी की काल्याच्या हंडीत प्रत्येक घरचा वाटा पडतो. दही, लाह्या, लोणचं, भाकरीचा तुकडा. वाडीची असते नाचणीची भाकरी आणि दह्यातला वरीचा भात. पाऊस जरा थांबला होता. बुवांनी हंडीत हात घातला, काला वरखाली केला आणि विचारलं, "ह्यात नाचणी दिसत नाही. वाडीचा वाटा कुठंय?"

"वढा चढलाय बुवा," भिमाजी म्हणाले. "आमच्या घरची नाचणी घालू की त्यांच्या नावानं."

"नावानं पोट भरत असतं तर तुम्हीही घरीच बसला असता. ओढ्यावर जायला-यायला काही नाही?"

भिमाजींनी माझ्याकडं बघितलं. मग बायकांच्या घोळक्यातून आमच्या सरूबाईचा आवाज आला. "त्ये आमच्या घरच्यांस्नी इचारा, बुवा. त्यांनी लय ग्वाड भाषण केलतं."

बुवा माझ्याकडं वळले. "सीताराम?"

"एकच काम व्हायचं होतं, बुवा," मी म्हणालो. "आम्ही देवाचं..."

बुवांनी मान वर करून पत्र्याकडं पाहिलं. "सहा दिवस मला कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. म्हटलं, कान गेले आता." एवढंच बोलून त्यांनी हंडी स्वतः उचलली आणि ते मंडपाबाहेर पडले. चिखलात अनवाणी. मागून वीणा, मागून टाळकरी, मागून सगळं गाव. नवाकोरा मंडप मागं रिकामा.

ओढ्याच्या पलीकडं वाडी उभी होती. पोराबाळांसकट, डोक्यावर पानांची इरली घेऊन. नंतर समजलं, ती रोज सकाळी तिथं येऊन उभी राहत होती, काही कानावर पडतं का बघायला. कोंडूच्या बायकोनं, पुतळाबाईनं, फडक्यात बांधलेलं मडकं छातीशी धरलं होतं.

बुवांनी हंडी वर करून दाखवली. कोंडूला लगेच समजलं. त्यानं बैलाचं लांब दावं आणलं, टोकाला दगड बांधला आणि भिरकावला. पहिल्यांदा दगड पाण्यात पडला. दुसऱ्यांदा माझ्या पायाशी. मी तो उचलला. म्हणजे काय, दुसऱ्या कुणी उचलला नाही. सगळे माझ्याकडंच बघत होते.

मी एका टोकाला ओढत, कोंडू दुसऱ्या टोकाला सैल सोडत. मधे मडकं लोंबकळत निघालं, पुतळाबाईच्या लुगड्याचं फडकं त्याला गुंडाळलेलं. पाण्याच्या मधोमध ते कललं आणि निम्मं दही ओढ्यात गेलं. "ताणा आबा, ताणा!" कोंडू ओरडला. हात सोलून निघाले माझे. मडकं आलं, नाचणी भिजलेली, वरीचा गोळा झालेला. बुवांनी ते हंडीत ओतलं आणि तिथंच, काठावर, काल्याचं चरण सोडलं.

माझे हात दाव्यात अडकलेले. टाळ गळ्यात लोंबत होते. बुवांच्या उजव्या हाताला जागा रिकामी होती आणि चाल आली ती पलीकडून. एवढा ओढा गर्जत होता, त्याच्या डोक्यावरून पाय न भिजवता आली. बायका रडायला लागल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आणि खोटं कशाला सांगू, त्या पाण्यातही माझ्या मनात आलं, एवढा श्वास आणतो कुठून हा!

चरण संपलं तेव्हा मी ओरडलो, "कोंडू! चुकलो मी! पुढच्या सभेला साकव पहिला! सूचक मी!"

"काय म्हंता?" पलीकडून आलं. "आबा, तुमचं आयकू येत न्हाई!"

मी पुन्हा ओरडलो. त्यानं कानाला हात लावला आणि नाही नाही अशी मान हलवली. तिसऱ्यांदा माझा आवाज फाटला. त्याचा प्रत्येक शब्द मला ऐकू येत होता आणि माझा एक त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. चूक कबूल करायची तर तेवढाही आवाज माझ्याजवळ नव्हता.

मार्गशीर्षात सभा भरली तेव्हा मी गोपाळकृष्णांना पेनाचं टोपण उघडायला दिलं नाही, आधी उठलो. साकव, पहिला नंबर, सूचक सीताराम. "अनुमोदक?" त्यांनी विचारलं. कोंडूनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "भाषान न्हाई करायचं ना, आबा?"

"नाही."

"मंग लिवा माजं नाव."

साकव झाला. दगडी पाये, वर सागाच्या फळ्या, दोन्ही अंगांना कठडा. सप्ता आता पुन्हा देवळातच होतो, दाटीवाटीनं. पत्र्याखाली गावाचं भात वाळतं. श्रावणात वाडी फळ्या वाजवत येते आणि कोंडू बुवांच्या उजव्या हाताला उभा राहतो. मी डावीकडं. कुणी सरक म्हटलं नाही, मीच गेलो.

डावीकडून त्याचा आवाज नेमका माझ्या कानात येतो. ऐकताना देव आठवतो. आणि घरी आल्यावर अजूनही मी सरूबाईकडं खडीसाखर मागतो.