पुसलेली लस

राहीने पदराचे टोक हंड्यात बुडवले आणि नवशाचा दंड घासायला घेतला. कातडीवर बारीक ओरखडे होते आणि त्यांत लस चकाकत होती. पोरगा रडला नाही, नुसता हात मागे ओढत राहिला. रक्ताचा ठिपका दिसेपर्यंत तिने घासले, मग चुलीतली राख चोळली.

देवी टोचायला येणारा सरकारी माणूस अजून पाटलाच्या ओट्यावरच बसला होता. शेणवे गावाच्या आसपास सगळे त्याला देवी डॉक्टर म्हणत. पाटलाने घरोघर सांगितल्यामुळे पोरे न्यावीच लागली होती. पण जैतू भगताने आधीच बजावले होते की देवी कोणाच्या अंगावर उठायची ते देवीआईने ठरवायचे. माणसाने सुईने तिला अंगात बोलावले तर ती कोपते. त्यात ती लस म्हणे वासराच्या अंगातून काढतात. राहीचा नवरा देवजी यावर काहीच बोलला नव्हता. नवशा मात्र नवसाचा होता. दोन मुलगे गेल्यावर झालेला, आता चार वर्षांचा.

राहीची सहा वर्षांची मुलगी लहानी आपला दंड धरून दारात उभी होती. राहीने तिच्याकडे पाहिले, हंडा आत ठेवला आणि भाकऱ्या थापायला बसली.

आठव्या दिवशी डॉक्टर दंड तपासायला आला, तेव्हा राही नवशाला घेऊन मुरबाडकडे माहेरी गेली होती. देवजीने एकट्या लहानीला नेऊन दाखवले. तिच्या दंडावर टपोरा फोड आला होता. डॉक्टर म्हणाला, लस चांगली लागली.

चैत्रात देवी आली. आधी ओढ्यापलीकडच्या पाड्यावर, मग गावात. नवशाला ताप भरला आणि तिसऱ्या दिवसापासून अंगभर फोड उठू लागले. राहीने घरात फोडणी बंद केली, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. जैतू रोज यायचा, तासन् तास बसून पोराला वारा घालायचा. लहानी नवशाच्याच अंथरुणाशी बसून असायची. तिला काही झाले नाही.

अकराव्या दिवशी नवशा गेला. जैतूने सांगितले, देवीआईने आपले मूल नेले, आता रडायचे नाही. राही रडली नाही. तिने भाताच्या रोपांसाठी राब भाजला, रोपे काढली, लावणी केली. त्या वर्षी भात चांगले आले. कोणी काही विचारले तर ती तेवढ्यापुरते बोलायची. बायका म्हणायच्या, राहीने मन घट्ट केले.

माघात डॉक्टर पुन्हा आला. पाटलाच्या ओट्यापुढे गाव जमले, पण कोणी पोर पुढे करीना. जैतू उठला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"देवजीच्या पोराला तुमीच टोचलं होतं ना, सायेब? मग तो कसा गेला?"

डॉक्टरने एखाद्याला लस लागत नाही, असे काहीसे सांगून पाहिले. त्याचे त्यालाच ते पटलेले दिसत नव्हते. माणसे उठू लागली. राहीची शेजारीण भागी तान्ह्याला पदराखाली घेऊन वळली आणि राहीच्या अगदी समोर आली. राही तिच्या वाटेतून हलली नाही.

"त्याची लस मी पुसली," ती म्हणाली.

डॉक्टरला ऐकू गेले नाही. काय म्हणालीस, असे त्याने विचारले.

"त्याला घरी नेला नि पुसली. वर राख लावली. तुमी बघायला आले तवा त्याला घेऊन मायेरी गेले."

जैतू होता तिथेच खाली बसला. देवजी उठला आणि कोणाकडे न बघता शेताच्या वाटेला लागला. बऱ्याच वेळाने भागी माघारी वळली आणि तान्ह्याचा हात तिने डॉक्टरपुढे धरला. तिच्यामागे आणखी दोघी आल्या. राही ते बघायला थांबली नाही.

दिवस मावळताना देवजी घरी आला. हातपाय धुऊन ताटावर बसला. अर्धी भाकरी झाल्यावर त्याने विचारले,

"पोरीची पण पुसलीस?"

"नाय."

"का?"

राहीने चुलीतले लाकूड मागे ओढले. लहानी भिंतीला टेकून बसली होती आणि दोघांकडे बघत होती.

"नवशासाठी वाटलं तसं भ्या तिच्यासाठी नाय वाटलं," राही म्हणाली.

देवजीने हातातला घास ताटात ठेवला. मग जरा सरकला आणि त्याने लहानीला शेजारी जेवायला बोलावले. रोज ती आईबरोबर मागाहून जेवायची. तिने आईकडे पाहिले. राही चुलीकडे तोंड करून होती. लहानी उठली आणि बापाच्या ताटाजवळ जाऊन बसली.